घड्याळ कुणाचं धरायचं?

बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटपलीकडे खानापूर रस्त्याला लागलं की उद्यमबाग सुरू होते. ओतकामाच्या फौंड्र्या, लेथ, ग्राइंडिंगच्या शेड, पत्र्यामागून येणारा यंत्रांचा आवाज. आणि याच वसाहतीत कर्नाटक लॉ सोसायटीचं गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, १९७९ पासून. त्याच रस्त्याने थोडं पुढे मच्छेला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं आणि कर्नाटकातली अभियांत्रिकी महाविद्यालयं त्याला जोडली गेली. निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगड अशा गावांतून घरी मराठी बोलणारी मुलं इथे शिकायला येतात. बहुतेक जण बी.ई. करून नोकरीला लागतात, थोडे एम.टेक.ला थांबतात. कॉम्प्युटर सायन्सच्या अशा विद्यार्थ्यांना घाम फोडणारा एक विषय म्हणजे प्रगत आणि वितरित ऑपरेटिंग सिस्टिम.

पदवीला हा विषय वेगळा असतो. तिथे संगणक एकच. त्याची मेमरी एक, घड्याळ एक. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी एकाच प्रिंटरवर तुटून पडू नयेत म्हणून सेमाफोर नावाचा एक आकडा मेमरीत ठेवायचा. ज्याला प्रिंटर हवा त्याने तो आकडा पाहायचा. सगळ्यांना तो आकडा दिसतो, कारण मेमरी सामाईक आहे. पदव्युत्तर वर्गात ही जमीनच काढून घेतली जाते. आता नेटवर्कनं जोडलेली दहा यंत्रं आहेत. प्रत्येकाची मेमरी स्वतःची, घड्याळ स्वतःचं, आणि एकाने पाठवलेला संदेश दुसऱ्याला कधी पोहोचेल याची हमी नाही. पोहोचेलच याचीही नाही.

विषय अवघड वाटण्याचं कारण अल्गोरिदमची संख्या नव्हे, असं माझं ठाम मत आहे. कारण फळ्यावरच्या चित्रात आहे. शिक्षक तीन आडव्या रेषा काढतात, त्यांच्यामध्ये तिरके बाण काढतात, आणि वर्गातल्या प्रत्येकाला सगळी यंत्रं, सगळे संदेश एकदम दिसतात. प्रत्यक्ष व्यवस्थेत त्या जागी कुणीच उभं नसतं. प्रत्येक यंत्राला फक्त स्वतःची रेष आणि तिच्यावर येऊन पडलेले बाण दिसतात. हा फरक ज्याच्या अंगवळणी पडला, त्याला पुढचा सगळा अभ्यासक्रम उलगडत जातो. ज्याच्या नाही, तो पायऱ्या पाठ करतो आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच उलट प्रश्नाला अडतो.

उद्यमबागेतल्याच तीन शेड घेऊन पाहू. एकीत ओतकाम होतं, दुसरीत मशीनिंग, तिसरीत ग्राइंडिंग. माल एका शेडमधून दुसरीत जातो तो चलनासोबत, आणि प्रत्येक शेड आपल्या वहीत नोंद करते. फौंड्रीच्या भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे असं समजा. फौंड्रीने आपल्या घड्याळाप्रमाणे ११ वाजून १० मिनिटांनी कास्टिंग पाठवलं. वाटेत पाच मिनिटं गेली. मशीन शॉपने आपल्या घड्याळाप्रमाणे ११ वाजून ५ मिनिटांनी ते उतरवून घेतलं. महिन्याअखेरीस कुणी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर माल निघण्याआधीच पोहोचला होता असं दिसेल. दोन्ही कारकुनांनी खरंच लिहिलं आहे. तरी नोंद खोटी ठरते.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी जुलै १९७८ मध्ये यावर एक निबंध प्रसिद्ध केला. तो जेमतेम आठ पानांचा आहे. त्यांची सूचना अशी की घड्याळं जुळवण्याच्या मागे लागू नका, नोंदींना क्रमांक द्या. प्रत्येक शेडने प्रत्येक नोंदीला आपला आकडा एकाने वाढवायचा. माल पाठवताना तो आकडा चलनावर लिहायचा. घेणाऱ्याने स्वतःचा आकडा आणि चलनावरचा आकडा यांतला मोठा धरून त्यात एक मिळवायचा. फौंड्रीच्या चलनावर ४१ आहे आणि मशीन शॉपची वही १७ वर आहे. मग माल घेतल्याची नोंद ४२ होईल. पाठवणं आधी आणि मिळणं नंतर, हे आता आकड्यातच बसलं. भिंतीवरचं घड्याळ काहीही दाखवो.

पण त्याच दिवशी ग्राइंडिंगच्या वहीत ३९ क्रमांकाची एक नोंद आहे, जिचा या मालाशी काही संबंध नाही. ३९ हा ४१ च्या आधी घडला का? सांगता येत नाही. कारण असलं तर आकडा लहान असतो हे खरं. पण आकडा लहान आहे म्हणून कारण होतं असं नाही. दोन शेडमध्ये थेट किंवा तिसरीमार्फत एकही चलन गेलं-आलं नसेल, तर त्यांच्या नोंदींमध्ये आधी कोण आणि नंतर कोण हा प्रश्नच त्या व्यवस्थेच्या आतून विचारता येत नाही. विद्यार्थ्याने इथे घाई करू नये. दशकभराने, १९८८ साली, कॉलिन फिज आणि फ्रीडेमान माटेर्न यांनी स्वतंत्रपणे यावर उपाय मांडला: प्रत्येकाने एका आकड्याऐवजी सगळ्या शेडचे आकडे, आपल्याला माहीत असतील तसे, ओळीने बाळगायचे. दोन ओळी ताडून पाहिल्या की कारण होतं की नव्हतं ते नक्की कळतं. किंमत उघड आहे. यंत्रं वाढतील तशी ती ओळ लांबते आणि प्रत्येक संदेशावर लादली जाते.

क्रमांक हाती आल्यावर प्रिंटरचा जुना प्रश्न पुन्हा उघडतो. सामाईक मेमरी नाही, सेमाफोर नाही, मग पाळी ठरवायची कशी? लॅम्पोर्ट यांच्या त्याच निबंधातल्या पद्धतीत, यंत्रांची संख्या ‘न’ मानली तर, एकदा पाळी मिळवायला ३(न−१) संदेश लागतात: मागणी, पोच, आणि काम झाल्यावर मोकळं केल्याची सूचना. ग्लेन रिकार्ट आणि अशोक अगरवाला यांनी १९८१ मध्ये एक साधी गोष्ट हेरली. ज्याचं काम आधीचं आहे त्याने पोच लगेच न देता राखून ठेवावी. मग मोकळं केल्याची वेगळी सूचना लागत नाही. संदेश २(न−१) वर आले. १९८५ मध्ये मामोरू मायेकावा यांनी विचारलं, सगळ्यांना विचारायचंच कशाला? प्रत्येकाने आपल्या छोट्या गटाची परवानगी घ्यावी, फक्त कोणत्याही दोन गटांत निदान एक सभासद सामाईक असावा. तेरा यंत्रं असतील तर चार-चारांचे गट पुरतात. लॅम्पोर्ट यांच्या पद्धतीने तेरा यंत्रांना ३६ संदेश, रिकार्ट-अगरवालांच्या पद्धतीने २४, आणि मायेकावांच्या पद्धतीत सगळं सुरळीत असताना ९. मात्र दोन गट एकमेकांची वाट पाहत अडकून राहण्याचा धोका इथे येतो, आणि तो सोडवायला जादा संदेश मोजावे लागतात. तेरा यंत्रांचे हे गट कागदावर स्वतः मांडून पाहावेत. एकदा हाताने जमले की ते विसरत नाहीत.

मायेकावा यांच्या नावाशी आपल्याकडचा एक धागा जोडलेला आहे. टोकियो विद्यापीठात त्यांच्याबरोबर ‘गॅलक्सी’ नावाच्या वितरित ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणाऱ्यांत प्रदीप सिन्हा होते. पुढे ते पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेत आले आणि त्यांचं ‘डिस्ट्रिब्यूटेड ऑपरेटिंग सिस्टिम्स : कन्सेप्ट्स अँड डिझाइन’ हे पुस्तक भारतभरच्या वर्गांत पोहोचलं. मुकेश सिंघल आणि निरंजन शिवरात्री यांचं १९९४ चं पुस्तक अल्गोरिदमवर भर देतं. सिन्हांच्या पुस्तकात प्रत्यक्ष व्यवस्था उभारणाऱ्याची नजर आहे. नामकरण कसं करावं, चालू प्रोसेस एका यंत्रावरून दुसऱ्यावर कशी हलवावी, फाइलची प्रत शिळी झाली हे कसं ओळखावं, अशा प्रश्नांवर मी आजही आधी त्याच्याकडे बोट दाखवीन. सिद्धतांची गोडी लागलेल्याने मात्र सिंघल यांनी अजय क्षेमकल्याणी यांच्यासोबत लिहिलेलं २००८ चं जाडजूड पुस्तक गाठावं. क्षेमकल्याणी आयआयटी मुंबईतून पदवी घेऊन अमेरिकेत गेले आणि शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झाले.

पुण्यात सी-डॅक उभं राहिलं तेच मुळी अनेक प्रोसेसर संदेशांनी जोडलेल्या यंत्रासाठी. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून महासंगणक हवा होता. हवामानाच्या अंदाजासाठी एक क्रे यंत्र कडक अटींवर मिळालं. त्याहून मोठं नाकारलं गेलं. १९८८ मध्ये अकोला जिल्ह्यातून आलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एक अतिवेगवान प्रोसेसर बनवण्याच्या वाटेला त्यांनी जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपा घेतल्या. त्या प्रत्येक चिपेला शेजाऱ्यांशी बोलायला चार तारा होत्या. अशा ६४ नोडांना प्रत्येकी स्वतःची मेमरी देऊन ते संदेशांनी जोडले. सामाईक मेमरी नाही. हवामानाचा नकाशा तुकड्यांत वाटून द्यायचा, प्रत्येक नोडने आपला तुकडा मोजायचा आणि कडेचे आकडे शेजाऱ्याला कळवायचे. शेजारी मागे पडला तर थांबायचं. फळ्यावरच्या तीन आडव्या रेषा इथे चौसष्ट होत्या आणि त्यांच्यावर देशाची प्रतिष्ठा लागलेली होती.

आता पैशांकडे वळू, कारण या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना पैशांच्या उदाहरणाने चटकन समजते. अ या यंत्रावर ६०० रुपये आहेत, ब वर ४००. एकूण हजार. अ ने ब ला २०० पाठवले. कुणाला तरी एकूण रक्कम मोजायची आहे, पण दोन्ही यंत्रं एकाच क्षणी पाहता येत नाहीत. अ ला पैसे पाठवल्यानंतर पाहिलं आणि ब ला ते मिळण्याआधी, तर ४०० आणि ४००, म्हणजे आठशे. उरलेले दोनशे वाटेत आहेत. अ ला पाठवण्याआधी पाहिलं आणि ब ला मिळाल्यानंतर, तर ६०० आणि ६००, बाराशे. पहिली नोंद अपुरी आहे, वाटेतली रक्कम धरली की पुरी होते. दुसरी मुळातच अशक्य आहे: त्यात पैसे मिळाल्याचं लिहिलं आहे पण पाठवल्याचं नाही.

के. मणी चँडी आणि लॅम्पोर्ट यांनी १९८५ मध्ये यावर दिलेली पद्धत चार ओळींची आहे. जो मोजणी सुरू करतो त्याने आधी स्वतःची स्थिती लिहायची आणि दुसरं काहीही पाठवण्याआधी प्रत्येक वाटेवर एक खूण पाठवायची. खूण पहिल्यांदा मिळाली की घेणाऱ्याने तिथल्या तिथे आपली स्थिती लिहायची आणि पुढे खुणा पाठवायच्या. आपली स्थिती लिहिल्यापासून दुसऱ्या एखाद्या वाटेवरून खूण येईपर्यंत त्या वाटेने जे येईल ते ‘वाटेत होतं’ म्हणून नोंदवायचं. अट एवढीच की एका वाटेवरचे संदेश पाठवल्या क्रमानेच पोहोचावेत. अ ने पैसे पाठवण्याआधी स्वतःची नोंद केली असेल, तर खूण दोनशे रुपयांच्या पुढे धावते आणि ब ला पैसे मिळण्याआधीच नोंद करावी लागते. बाराशेचा आकडा येऊच शकत नाही. मोजणीसाठी कुणालाही काम थांबवावं लागत नाही.

ही पद्धत मांडणाऱ्या निबंधातला एक निष्कर्ष वाचून चांगला विद्यार्थी थबकतो. असं मिळालेलं चित्र कोणत्याही एका क्षणी खरोखर अस्तित्वात होतं असं नाही. तरीही ते विश्वासार्ह आहे, कारण घडलेल्या घटनांचा क्रम कार्यकारण न मोडता थोडा मागेपुढे केला तर व्यवस्था त्या स्थितीतून गेली असती. आणि आतल्या कुठल्याही यंत्राला, ती तशी गेली नव्हती, हे ओळखता येणार नाही. मला विचाराल तर पदव्युत्तर शिक्षण म्हणजे काय, याचं उत्तर या एका वाक्याशी झगडण्यात आहे. एक आठवडा गेला तरी चालेल.

पैशांचं उदाहरण आता पुस्तकापुरतं राहिलेलं नाही. निपाणीच्या बाजारात भाजीवाल्याच्या कोडवर फोन धरला की देणाऱ्याची बँक, मुंबईत मुख्यालय असलेलं नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन आणि घेणाऱ्याची बँक यांच्यात संदेश धावतात. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याचे व्यवहार एक हजार कोटींच्या पुढे गेले. कधी तरी खात्यातून पैसे जातात आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. समोरच्याकडे जमा झाल्याचं उत्तर आलेलं नसतं. उत्तर न येण्याची तीन कारणं असू शकतात: सूचना पोहोचलीच नाही, पोहोचली पण समोरचं यंत्र मंद झालं आहे, किंवा पैसे जमा झाले आणि उत्तर वाटेत हरवलं. वाट पाहणाऱ्या यंत्राच्या जागेवरून या तिन्ही गोष्टी हुबेहूब एकसारख्या दिसतात.

म्हणून व्यवहाराला एकमेव क्रमांक असतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे दुसऱ्यांदा जमा करायचे नाहीत. आणि म्हणूनच शेवटचा निर्णय काही वेळा यंत्रांवर न सोडता नियमावर सोडावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यावेत. दुकानदाराच्या बाबतीत पाच दिवस. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई.

बँकांना असा मुदतीचा नियम का लागावा, चांगला प्रोग्रॅम का पुरू नये? याचं उत्तर १९८५ मध्येच मिळालेलं आहे. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी नऊ पानांत सिद्ध केलं की संदेशाला लागणाऱ्या वेळेवर काहीच मर्यादा नसेल आणि एखादंच यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तर बाकीच्यांचं एकमत नक्की होईलच अशी हमी देणारी कोणतीही ठरावीक पद्धत असू शकत नाही. बंद पडलेलं यंत्र आणि मंद झालेलं यंत्र यांत फरक करता येत नाही, हे या सिद्धतेचं मूळ आहे. प्रत्यक्षात आपण वेळेची मर्यादा गृहीत धरतो आणि पुढे जातो. अंदाज चुकला तर काम लांबतं, पण निर्णय चुकीचा होऊ नये एवढी काळजी घेता येते. या विषयातल्या जवळजवळ सगळ्या उपयोगी व्यवस्था याच तडजोडीवर चालतात.

सामाईक मेमरीचा आभास, फाइल सिस्टिम, कामाची वाटणी ही प्रकरणं अभ्यासक्रमात असतात आणि ती वाचावीतही. पण वर सांगितलेलं पक्कं असेल तर ती एकेका बैठकीत होतात.

हा पाया नोकरीत कुठे उपयोगी पडतो म्हटलं की पुण्याच्या नेहा नारखेडे यांचं काम आठवतं. पीआयसीटी या पुण्यातल्या महाविद्यालयातून पदवी आणि जॉर्जिया टेकमधून पदव्युत्तर शिक्षण घेऊन पुढे त्या लिंक्डइनमध्ये गेल्या आणि जे क्रेप्स व जुन राव यांच्यासोबत त्यांनी काफ्का हे नोंदी वाहून नेणारं वितरित सॉफ्टवेअर उभारलं. २०११ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. काफ्कात नोंदी अनेक विभागांत वाटलेल्या असतात आणि क्रमाची हमी एका विभागापुरतीच असते. दोन विभागांतल्या नोंदींत आधी कोणती, याचं वचन काफ्का देत नाही. हे वचन न देण्यामुळेच त्याला इतका प्रचंड भार पेलता येतो. लॅम्पोर्ट यांचा निबंध नीट वाचलेल्याला ती उणीव वाटत नाही. पुण्यातच थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीत काम करताना उन्मेष जोशी यांनी अशा व्यवस्थांच्या आत डोकावून, त्यांच्या छोट्या आवृत्त्या स्वतः लिहून, त्यांतल्या पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या रचना वेगळ्या काढल्या. त्यांचं ‘पॅटर्न्स ऑफ डिस्ट्रिब्यूटेड सिस्टिम्स’ २०२३ मध्ये आलं. पुस्तकी अल्गोरिदम आणि नोकरीतला कोड यांमध्ये विद्यार्थ्याला जी दरी जाणवते, तिच्यावरचा तो सर्वांत चांगला पूल आहे.

उद्यमबागेत बसून हे सगळं शिकायला महासंगणक लागत नाही. मूळ निबंधांतले काही तर जेमतेम आठ-नऊ पानांचे आहेत. पाच जुनी यंत्रं नसतील तर एकाच लॅपटॉपवर पाच प्रोसेस चालवता येतात, आणि लिनक्समधलं नेटएम हे साधन वापरून संदेश मुद्दाम उशिरा पोहोचवता येतात, हरवता येतात, क्रम उलटापालटा करता येतो. मी तर म्हणेन की प्रयोगशाळेचा अर्धा वेळ व्यवस्था मोडण्यातच जावा. चालणारा प्रोग्रॅम फारसं काही शिकवत नाही.

सत्राच्या शेवटी करायला स्टॅनफर्डच्या दिएगो ओंगारो आणि जॉन आउस्टरहाउट यांची २०१४ ची रॅफ्ट पद्धत उत्तम. पाच यंत्रं बहुमताने एक नेता निवडतात. नेता प्रत्येक नोंद बाकीच्यांना पाठवतो. तिघांकडे ती पोहोचली की नोंद पक्की. दोन यंत्रं बंद करा, काम चालू राहतं. तिसरं बंद केलं की उरलेल्या दोघांनी नवी नोंद पक्की करायला नकार द्यायला हवा. अनेकांचा पहिला प्रयत्न इथे फसतो, कारण प्रोग्रॅम ‘चालत राहावा’ अशी आपली ओढ असते, आणि इथे थांबणं हेच बरोबर असतं.

मग यंत्रं बंद न करता नेटवर्कच तोडावं, जुना नेता आणि आणखी एक यंत्र एकीकडे, तिघं दुसरीकडे. तिघं नवा नेता निवडतात आणि त्याच्या नेतेपदाला पुढचा सत्रक्रमांक मिळतो. जुना नेता अजून स्वतःला नेताच समजतो, मागण्या घेतो, पण बहुमत नसल्यामुळे त्याची एकही नवी नोंद पक्की होत नाही. जोडणी परत आली की त्याला मोठा सत्रक्रमांक दिसतो, तो पायउतार होतो आणि त्याच्या कच्च्या नोंदी पुसल्या जातात. हा सत्रक्रमांक म्हणजे १९७८ च्या चलनावरचाच आकडा. हे करताना पाचही यंत्रांच्या नोंदी वेगळ्या खिडक्यांत उघड्या ठेवाव्यात आणि अहवाल लिहायच्या वेळी विद्यार्थ्याला चार खिडक्या बंद करायला लावाव्यात. फक्त जुन्या नेत्याच्या नोंदीवरून त्याने लिहावं की नेटवर्क तुटलं हे या यंत्राला कोणत्या ओळीवर कळलं, आणि त्याआधीच्या प्रत्येक ओळीवर त्याने जे केलं ते त्याला माहीत असलेल्या गोष्टींना धरून बरोबर होतं का.